मक्याची साल, गाईचे दूध

पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली की दिल्लीच्या रस्त्यांवर जागोजागी कोळशाच्या शेगड्या पेटतात. मेट्रोच्या जिन्याखाली, बाजारांच्या तोंडाशी, नोएडातल्या काचेच्या कचेऱ्यांच्या फाटकाबाहेर. मराठी माणूस ‘कणीस’ मागतो. विकणारा त्याला भुट्टा म्हणतो किंवा पंजाबी वळणाने छल्ली. पुठ्ठ्याने वारा घालून निखारे फुलवायचे, कणीस फिरवत भाजायचे, अर्धे लिंबू तिखटमिठात बुडवून वरून चोळायचे, एवढाच हा धंदा. खाणे पाच मिनिटांत उरकते. पुढचा अर्धा तास मात्र दातांत अडकलेली पातळ, चिवट साले जिभेने हुडकण्यात जातो. ती चावून तुटत नाहीत, आणि पोटात गेली तर बहुतेक गेली तशीच बाहेर पडतात.

या चिवटपणामागे जी रसायने आहेत त्यांत एक मुख्य नाव फेरुलिक आम्लाचे. नाव परके वाटते, पण त्याचे माहेर मराठी फोडणीत आहे. जुन्या दिल्लीतल्या खारी बावलीत मसाल्याच्या गल्लीतून चालताना जो उग्र दर्प नाकात शिरतो तो हिंगाचा. हिंगाच्या झाडाच्या वंशाचे शास्त्रीय नाव फेरुला. ह्लासिवेट्झ आणि बार्थ या दोन रसायनशास्त्रज्ञांनी 1866 मध्ये हिंगाच्या डिंकातून हे आम्ल वेगळे काढले आणि झाडाचेच नाव त्याला दिले. पुढे कळले की ते हिंगापुरते नाही. गहू, तांदूळ, बांबू, ऊस अशा साऱ्या गवतकुळात ते भरलेले आहे, आणि धान्यांत मक्याकडे त्याचा साठा विशेष मोठा. मक्याच्या कोंड्याच्या वजनात सुमारे 3 टक्के हे एकटे आम्ल असते. कॉर्नेल विद्यापीठातल्या अॅडोम आणि लिउ यांनी 2002 मध्ये मका, गहू, ओट आणि तांदूळ यांची तुलना केली, तेव्हा एकूण फिनॉलिक संयुगांत मका पहिला आला. त्यातले सुमारे 85 टक्के सुटे नव्हते. पेशीभित्तीला घट्ट बांधलेले होते.

बांधलेले म्हणजे कसे, ते गोधडी शिवणाऱ्या बाईला पटकन समजेल. दाण्याच्या सालीतल्या पेशींच्या भिंती साखरेच्या लांब साखळ्यांच्या बनलेल्या असतात. फेरुलिक आम्लाचा रेणू एका टोकाने अशा साखळीला चिकटतो. दुसरे टोक, फिनॉलचे वलय, मोकळे राहते. मग पेरॉक्सिडेज नावाचे एन्झाइम शेजारशेजारच्या दोन मोकळ्या टोकांना एकत्र जोडते. एक टाका पडला. असे असंख्य टाके पडले की चिंध्यांची गोधडी होते तशी साखळ्यांची भिंत होते, ओढली तर फाटत नाही अशी. धान्यातल्या सोंड्याची, म्हणजे मक्याच्या त्या लांब नाकाच्या किड्याची, मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि वरून बूच लावते. जाड टाक्यांच्या सालीवर तिचे काम रखडते. सालीखालच्या अॅल्युरोन थरात हीच आम्ले दुसऱ्या रूपात, अमाइड होऊन बसलेली असतात; ती किड्याला मानवत नाहीत. फ्युजॅरियमसारख्या बुरशीची वाढही फेरुलिक आम्लाने मंदावते. शिवाय हे रेणू अतिनील किरण शोषतात. सूक्ष्मदर्शकाखाली अतिनील प्रकाशात मक्याच्या दाण्याचा छेद धरला तर साल आणि अॅल्युरोन निळे उजळतात.

शास्त्राच्या पुस्तकात हे सगळे एका वाक्यात येते: मक्याच्या दाण्यातली फिनॉलिक संयुगे दाण्याच्या संरक्षणासाठी असतात. वाक्य निरुपद्रवी दिसते. पण त्यातला ‘साठी’ हा चार पैशांचा शब्द फार महाग आहे. संस्कृत व्याकरणात याला तादर्थ्य म्हणतात. यूपासाठी लाकूड, कुंडलासाठी सोने. तिथे लाकूड तासणारा आणि सोने घडवणारा कोणी तरी असतो, त्याच्या मनात यूप किंवा कुंडल आधीपासून असते. मक्याच्या सालीच्या बाबतीत हा कोणी तरी कोण?

पहिले उत्तर सुचते ते असे, की दाणा स्वतःच. जीव आहे, जगायचे आहे, म्हणून चिलखत घालतो. पण हे उत्तर वनस्पतिशास्त्रात टिकत नाही, आणि का टिकत नाही ते फार सुंदर आहे. मक्याच्या दाण्यात तीन पिढ्यांचा नव्हे, पण तीन प्रकारच्या नात्यांचा संसार असतो. आतला भ्रूण आईबापांचा निम्मानिम्मा. त्याच्या भोवतीचा पिठूळ भ्रूणपोष तीन हिश्श्यांचा, दोन आईचे आणि एक बापाचा. आणि बाहेरची साल पूर्ण आईची. ती दाण्याने तयार केलेली नाही. आईच्या अंडाशयाची भिंतच वाळून त्याच्या अंगावर राहिलेली असते. एकाच कणसातल्या दाण्यांचे बाप वाऱ्याने आणलेल्या परागांप्रमाणे वेगवेगळे असू शकतात. म्हणून तर कधी कधी पांढऱ्या कणसात मधेच पिवळा दाणा सापडतो. सालीत मात्र असा भेद नाही. सालच लाल असेल तर अख्खे कणीस लाल.

म्हणजे ज्याचे रक्षण होते त्याने ते केलेले नाही, आणि जिने केले ती रक्षणाच्या वेळी हयात नाही. धाट कापून गुरांपुढे टाकलेले असते. साल दाण्यावर आपले काम करत कोठारात पडून असते.

हिंदुस्थानातल्या दर्शनकारांना मका ठाऊक नव्हता, पण नेमका हा प्रश्न ठाऊक होता. सांख्यांची अडचण अशी की त्यांची प्रकृती जड आहे, तिला जाणीव नाही. तरी ती पुरुषाच्या, म्हणजे आत्म्याच्या, मोक्षासाठी खटपट करते असे त्यांना म्हणायचे होते. जडाला हेतू कसा? ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या 57व्या कारिकेत उत्तर म्हणून गोठ्यातला दाखला दिला. दुधाला काही कळत नाही, तरी ते वासराच्या वाढीसाठी स्रवते, तसेच प्रकृतीचे. दोन ओळींची कारिका, पण तिने पुढची कित्येक शतके भांडण पुरवले.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात हा दाखला धरून उलटा केला. दूध आपोआप स्रवत नाही, ते म्हणतात; गाय चेतन आहे, तिला वासराची माया आहे, वासरू चोखते आहे, म्हणून पान्हा फुटतो. दुधामागे जाणती गाय उभी आहे ती झाकून नुसत्या दुधाकडे काय बोट दाखवता? मग सांख्यांच्या बाजूने एक डाव टाकला जातो: बरे, गवताचे दूध होते ते तरी आपोआपच ना? त्यावरचे उत्तर फार मिस्कील आहे. गवत गाईने खाल्ले तरच दूध होते. बैलाने खाल्ले किंवा तसेच टाकून दिले तर होत नाही. गवताच्या अंगी दूध होण्याचा स्वभावच असता, तर ते कुठेही झाले असते.

मक्याची साल या दोघांच्या मधे ठेवून पाहावी. सांख्यांना ती दुधापेक्षा सोयीची, कारण शंकराचार्यांची मायाळू गाय इथे हजरच नाही. पिकलेल्या दाण्याच्या सालीतल्या पेशी मेलेल्या असतात. मेलेल्या भिंतीतले मेलेले टाके वर्षभर किड्याला थोपवतात. याहून अचेतन पण उपकारी वस्तू दुसरी कुठली शोधणार? पण गवताचा दाखला मात्र वेदान्त्यांकडेच राहतो. फेरुलिक आम्लाची शुद्ध पांढरी भुकटी बाटलीत भरून कुठल्याही प्रयोगशाळेत मिळते. ती कोणाचेही रक्षण करत नाही. हिंगाच्या डिंकातही ते आम्ल आहे, पण तिथे त्याची गोधडी होत नाही. टाका पडतो तो जिवंत झाडात, ठरलेल्या पेशीत, ठरलेल्या दिवसांत. रसायनाच्या नुसत्या स्वभावात रक्षण असते तर बाटलीलाही साल फुटली असती.

इथे शंकराचार्यांनी एक उडी जरा लांब मारली असे म्हणावेसे वाटते. गवताच्या दाखल्याने जिवंत गाय लागते एवढे सिद्ध होते. जाणती गाय लागते हे होत नाही. चारा दुधात बदलताना गाईला त्यातले काही कळत नसते. जिवंत आणि जाणता हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि चेतन-अचेतन असे दोनच कप्पे केले की झाड कुठल्याच कप्प्यात नीट बसत नाही. आपल्या परंपरेला याचा अंदाज नव्हता असे मुळीच नाही. मनुस्मृतीचा पहिला अध्याय वनस्पतींना आतल्या आत जाणीव असलेल्या आणि सुखदुःख असलेल्या म्हणतो. जैनांनी तर त्यांना स्पर्श या एका इंद्रियाचे जीव म्हणून रीतसर वर्गात बसवले.

तिसरा पक्ष डार्विननंतरचा. त्याच्या मते ‘साठी’ हा बोलण्याचा आळस आहे. ज्यांची साल कच्ची होती ते दाणे किड्यांनी खाल्ले, ज्यांची पक्की होती ते उगवले; हेतू कोणाचाच नव्हता, उरलेल्यांचा हिशेब आहे. हे उत्तर बरोबर आहे आणि तरी थोडे घाईचे आहे, कारण हा हिशेब ज्या जिवंत यंत्रणेतून होतो ती काय चीज आहे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी आयुष्य मक्यापुढे घालवले. दाण्यांवरच्या जांभळ्या ठिपक्यांवरून त्यांनी जागा बदलणारी जनुके ओळखली. तो जांभळा रंगही अँथोसायनिनचा, म्हणजे फिनॉलिक कुळातलाच. 1983 मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानात त्यांनी पुढच्या संशोधकांपुढे ठेवलेला प्रश्न असा की पेशीला स्वतःविषयी कितपत माहिती असते आणि संकटात ती माहिती ती कशी वापरते. 81 वर्षांच्या, अत्यंत काटेकोर प्रयोग करणाऱ्या बाईने ‘माहिती’ हा शब्द चुकून वापरला असेल असे वाटत नाही.

दिल्लीत या प्रश्नाचा एक पत्ता आहे: पुसा. करोल बागेच्या पलीकडे पसरलेल्या या हिरव्या आवाराचे नाव बिहारातल्या गावावरून आले. हेन्री फिप्स या अमेरिकन दात्याच्या देणगीतून 1905 मध्ये तिथे कृषी संशोधन संस्था उभी राहिली. 1934 च्या भूकंपात इमारत कोसळली, 1936 मध्ये संस्था दिल्लीला आली, येताना नाव घेऊन आली. देशभरच्या मका संशोधनाची अखिल भारतीय समन्वित योजना 1957 मध्ये सुरू झाली. कुठल्याही पिकासाठी अशी ही पहिलीच. आणि इथे ‘कोणासाठी’ हा प्रश्न दर्शनाच्या पोथीतून उतरून थेट वाफ्यात आला.

मक्यात प्रथिने असतात, पण लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन अमिनो आम्ले तुटपुंजी. 1964 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या मर्ट्झ, बेट्स आणि नेल्सन यांना आढळले की ओपेक-2 हा जुना जनुकदोष असलेल्या मक्यात ही दोन्ही भरपूर आहेत. कुपोषित मुलांच्या देशांना हे वरदानच वाटले. भारतात 1970 च्या सुमारास शक्ती, रतन आणि प्रोटीना अशी तीन वाणे आली. नावे किती आशेची! पण दाणा खडूसारखा मऊ आणि भुसभुशीत. कणसावर बुरशी लवकर धरायची, कोठीत सोंडे तुटून पडायचे, उत्पन्न कमी. साल आईचीच होती, पण आतला कणखरपणा गेल्यावर एकटी साल पुरी पडेना. माणसाच्या पोटासाठी दाणा जितका चांगला झाला तितका तो स्वतःसाठी वाईट झाला, आणि अखेर शेतकऱ्याने पाठ फिरवल्यावर पोटापर्यंतही पोचला नाही. हा गुंता सोडवायला मेक्सिकोतल्या सिमिट संस्थेत सुरिंदर वसल आणि एवांजेलिना व्हिलेगास यांना कित्येक वर्षे लागली. वसल यांनी पीएच.डी. दिल्लीच्या याच पुसात केली होती. प्रथिन राखून दाणा पुन्हा टणक करण्याबद्दल दोघांना 2000 सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुसाने 2017 मध्ये दिलेल्या ‘पुसा विवेक क्यूपीएम-9 सुधारित’ या संकरात त्याच वाटेने प्रथिनासोबत अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्यही आणले गेले.

साल हरते तेव्हा काय होते, त्याचीही नोंद देशाकडे आहे. 1974 च्या पावसाळ्याच्या शेवटी राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसाने मका भिजला. अॅस्परजिलस बुरशीने त्यात अफ्लाटॉक्सिन भरले. रोजची भाकरी मक्याचीच असलेल्या आदिवासी गावांत काविळीची साथ आली. 397 जण आजारी पडले, 106 दगावले. घरातले उष्टे खाणारी कुत्रीही मेली. फिनॉलचे टाके किड्याचा वेग कमी करतात, बुरशीला अडवतात, पण ओल्या पोत्यापुढे त्यांचे काही चालत नाही.

सांख्यांचा आणखी एक सिद्धान्त इथे आठवतो: अनेक भागांची जुळवलेली कोणतीही वस्तू दुसऱ्या कोणासाठी असते, जशी खाट झोपणाऱ्यासाठी. मका तर या सिद्धान्तासाठी घडवल्यासारखा. त्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे. त्याचा प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात बंद. सुमारे 9,000 वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी निवडत निवडत ते कवच उतरवले, कणीस पानांच्या खोळीत गुंडाळले. आज ते कणीस नुसते जमिनीवर पडले तर शेकडो रोपे एकाच जागी गर्दी करून मरतील. दाणे सोडवायला माणसाचा हात लागतो. कवच गेले, मागे राहिली ती ही पातळ साल आणि तिच्यातले टाके. खाटेचा दाखला मात्र उलटा फिरवता येतो: माणसासाठी मका आहे की मक्याने आपली पेरणी, राखण आणि कोठार यांसाठी माणूस बाळगला आहे, हे नक्की सांगणे कठीण.

नवा पाहुणा असल्यामुळे मका आपल्या जुन्या धर्मग्रंथांत नाही. तो असावा अशी हौस मात्र होती. कर्नाटकातल्या सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या केशव मंदिरात मूर्तींच्या हाती जे दाणेदार फळ आहे ते कणीसच, म्हणजे कोलंबसाच्या आधीच मका भारतात पोचला होता, असा दावा कार्ल योहानेसन यांनी 1989 मध्ये मांडला. त्याला ठाम विरोध झाला तो पुसातूनच. एम. एम. पायक आणि जे. के. एस. सचान यांच्या मते ते मोत्यांनी जडवलेले काल्पनिक मुक्ताफळ. पायक मक्याच्या रोगांचे अभ्यासक. जन्मभर रोगट आणि निरोगी कणसे न्याहाळलेल्या माणसाने दगडातल्या कणसाला ओळख दिली नाही, याला वजन आहे.

जैनांच्या भगवतीसूत्रात मका नसला तरी प्रश्न नेमका मक्याच्या सालीचा आहे. महावीरांना त्यांचा शिष्य गौतम विचारतो: कणगीत भरून, शेणाने लिंपून, मुद्रा लावून ठेवलेल्या धान्याची उगवण्याची शक्ती किती काळ टिकते? साळी, गहू, जव यांची जास्तीत जास्त तीन वर्षे. मसूर, तीळ, मूग यांची पाच. जवस, कोद्रू वगैरेंची सात. प्रश्न शेतकऱ्याचा वाटतो, पण विचारणारा साधू आहे. उगवू शकणारा दाणा सजीव. त्याला इजा केली तर ती हिंसा. म्हणून आत जीव आहे की गेला, हे साधूला कळायला हवे. चांदणी चौकातल्या लाल मंदिरात आज येणाऱ्या साधूंपुढेही कच्च्या, अख्ख्या दाण्याबाबत हाच विधिनिषेध असतो. साल बाहेरून मात्र दोन्ही दाण्यांवर सारखीच दिसते, कारण ती आधीच मेलेली असते.

गौतमाच्या प्रश्नावर दिल्लीत रोज काम चालते. पुसाच्याच आवारात राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोची जनुकपेढी आहे. हिंगाचे बी इराणहून देशात आले तेही याच ब्युरोमार्फत. त्यातली रोपे 2020 मध्ये लाहौलच्या थंड मातीत लागली. पेढीत साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत. कणगीच्या जागी अॅल्युमिनियमच्या थराची पाकिटे, शेणाच्या जागी उष्णतेने बंद केलेली कड, आणि उणे 18 अंशांच्या खोल्या. बी आधी इतके वाळवतात की बुरशीला ओल सापडू नये; बांसवाड्यात जे झाले नाही ते इथे नेमाने होते.

तरी जीव आहे की गेला हे पाकिटावरून कळत नाही. म्हणून ठरावीक वर्षांनी पाकीट उघडतात, मोजून दाणे काढतात, ओल्या कागदात गुंडाळून उबेत ठेवतात. पाणी शिरते, दाणा फुगतो, आईची साल टोकाशी फाटते आणि पांढरे मूळ बाहेर येते. चौथ्या दिवशी पहिली मोजणी, सातव्या दिवशी शेवटची. आकडा वहीत चढतो, आणि ज्यांनी आपण जिवंत असल्याचे दाखवले ते कोंब परत पाकिटात घालता येत नाहीत.